पात्रतेचे पाहुणे

पाहुणचाराच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मी एकटाच म्हणतो ही गोष्ट खरी, पण इतक्या वर्षांत कोणी खोडूनही काढलेलं नाही. एकदा एक गृहस्थ पत्ता चुकून आमच्या दारात आले. ते जेवले, आडवे झाले, उठून चहा घेतला, आणि जायला निघाले तेव्हा आपण मुळात कोणाकडे निघालो होतो हे त्यांना काही केल्या आठवेना. याला म्हणतात पाहुणचार!

तेव्हा विश्वचषक फुटबॉलच्या पात्रता फेरीचा शेवटचा सामना आमच्या स्टेडियमवर ठरला, आणि पाहुण्या संघाच्या स्वागताची जबाबदारी कोणावर टाकायची असा प्रश्न आला, तेव्हा खरं तर तो प्रश्नच नव्हता. मी तिथे व्यवस्थापकांचा सहायक आहे. म्हणजे गवत किती वाढलं, जाळ्या कुठे फाटल्या, कुठल्या खुर्चीचा पाय गेला, हे सगळं साहेबांच्या आधी मला कळतं आणि साहेबांना माझ्याकडून कळतं. साहेबांनी स्वागत समिती नेमली. समितीच्या पहिल्या बैठकीला मी एकटाच हजर होतो, कारण नेमलेला मी एकटाच होतो. ठराव एकमताने मंजूर झाले.

सामना साधासुधा नव्हता. आमचा देश त्या मोठ्या स्पर्धेत आजवर कधी गेलेलाच नाही. दर खेपेला आम्ही टीव्हीसमोर बसतो, कुठल्या तरी परक्या देशाला आपलं मानतो, आणि तो हरला की दोन दिवस जेवत नाही. या खेपेला पहिल्यांदाच दार किलकिलं झालं होतं. जिंकलो तर आम्ही पात्र. नुसती बरोबरी झाली तरी पाहुणे पात्र, आणि आम्ही पुन्हा टीव्हीसमोर.

सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या कोचने मला जाळ्या ठेवायच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्हाला म्हणून सांगतो. त्यांचा गोलकीपर डावीकडून आलेला बॉल सोडतो. उजवीकडून तोफेचा गोळा मारा, लोण्यासारखा धरेल. डावीकडून फुगा सोडा, आत!"

"का पण?"

"ते त्याला पण माहीत नाही. त्यांना वाटतं, नशीब खराब आहे. उद्या आपण सगळा खेळ त्याच्या डावीकडून करणार. आपल्याकडे दुसरं काहीही नाही, एवढं एकच आहे. तुम्ही फक्त त्याला खूश ठेवा. दमवू नका, घाबरवू नका, कुठल्या डॉक्टरला दाखवू नका. आहे तसा मैदानात आणा. आणि हे कोणाकडे बोलू नका."

"माझ्याकडे आलेली गोष्ट म्हणजे विहिरीत टाकलेला दगड समजा," मी म्हणालो.

तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. पाहुण्यांच्या गोलकीपरचं हॉटेलात बिनसलं होतं. त्याची खोली लिफ्टच्या शेजारी होती. लिफ्ट थांबली की टिंग वाजायचं, आणि टिंग वाजलं की हा झोपेतसुद्धा अंगावर बॉल आल्यासारखा पलंगावरून खाली झेपावायचा. दुपारपर्यंत त्याने एक दिवा, पाण्याचे दोन जग आणि एक वेटर एवढं अडवलं होतं. साहेब कपाळाला हात लावून बसले होते.

"माझ्या घरी नेतो," मी म्हणालो. "आमच्याकडे लिफ्ट नाही. जिनाच धड नाही."

मी लगेच घरी फोन लावला. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि धाकटी बहीण. घर वरच्या मजल्यावर, खाली बहिणीचं चष्म्याचं दुकान. मी फोन मैदानाच्या कडेला उभा राहून केला आणि शेजारी गवत कापायचं यंत्र चालू होतं, हे लक्षात ठेवा.

"आई, संध्याकाळी पाहुणे येणार आहेत."

"कसले पाहुणे?"

"परदेशातले. ते पात्रतेचं चाललं होतं ना, बरेच दिवस? स्थळाचं काही ठरत नव्हतं. आता स्थळ आपलंच नक्की झालं."

पलीकडे आईचा आवाज एकदम हळू झाला. "आणि हे तू मला आज सांगतोस? कोण कोण येणार?"

"तो स्वतः, त्याच्याबरोबर एक वडीलधारे, आणि बोलणी करायला मधला एक माणूस."

"मुलगा काय करतो?"

"कीपर आहे."

"कसला कीपर? स्टोअरकीपर?"

"तसंच समज. मागे उभा राहून सगळं राखतो. सगळी भिस्त त्याच्यावरच."

"जबाबदारीचं काम आहे म्हणजे. स्वभावाने?"

"शांत. हातातून सहसा काही सोडत नाही. डावीकडचं तेवढं सोडतो, पण..." इथे मी जीभ चावली. "काही नाही. डावीकडचं मी काही बोललो नाही."

"डावीकडचं काय?"

"काही नाही म्हटलं ना!" असं म्हणून मी फोन ठेवला.

आता हेच संभाषण पुन्हा एकदा वाचा, आणि वाचताना अशी कल्पना करा की तुमच्या घरी लग्नाची मुलगी आहे, तिने त्या विषयावर बोलायची घरात बंदी घातली आहे, आणि तुम्ही रोज त्याच विषयाचा विचार करता. मी तशी कल्पना केली नाही. मी स्वागत समिती होतो.

संध्याकाळी पाहुण्यांना घेऊन आमच्या गल्लीत शिरलो तर शेजारच्या मावशी खिडकीत, त्यांच्या मागे त्यांची सून, सुनेच्या मागे कोणाचं तरी डोकं. मला वाटलं, फुटबॉलचं वेड आहे लोकांना. घरात पाऊल टाकलं आणि मी दुसऱ्याच्या घरात आलो की काय असं झालं. पडदे बदललेले. कपाटातले कप बाहेर. मावशींकडच्या दोन खुर्च्या आमच्याकडे. आई ठेवणीतले कपडे घालून उभी. मला भरून आलं. देशासाठी म्हातारी माणसंसुद्धा काय काय करतात!

बहिणीने मला जिन्यातच गाठलं. दुकानातला पांढरा कोट अंगात, खिशात काचा पुसायचं फडकं.

"दादा, मला विचारायची पद्धत नाही का?"

"अगं, तुला त्रास नाही. दोन दिवस राहील फक्त."

"राहील? इथे?"

"आपण सोय चांगली केली तर पुढच्या खेपेलाही इथेच उतरेल."

"त्याचं ठरलंसुद्धा?"

"वरच्या पातळीवर सगळं ठरलेलं असतं," मी म्हणालो. "आपण फक्त हसतमुख राहायचं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या चष्म्याची काच तडकायची तेवढी राहिली. पण गिऱ्हाइकांपुढे ती कधी तमाशा करत नाही. ती मुकाट्याने चहा ठेवायला गेली.

गोलकीपर दाराच्या चौकटीपेक्षा वीतभर उंच. तो आत यायला वाकला, आणि डावीकडच्या चौकटीवर खांदा आपटून आत आला. "केवढा नम्र," आई पुटपुटली. त्याच्या मागून संघाचे व्यवस्थापक आले. ते त्याचे सख्खे मामाच निघाले. हे दुभाष्याने सांगितलं तेव्हा आईच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की आता पत्रिका छापायला द्यायला हरकत नाही. तिसरा हा दुभाषी. तो आमची भाषा शिकला होता ती वर्तमानपत्राचं क्रीडा पान वाचून. दुसरं पान त्याने कधी उघडलेलं नव्हतं.

"आपल्या भूमीवर पाऊल ठेवताना पाहुणे कमालीचे उत्साही आहेत," तो खुर्चीत बसत म्हणाला. "प्रवासाच्या थकव्यावर त्यांनी पूर्वार्धातच मात केली."

"बोलतो किती छान," आई मला म्हणाली.

मग गोलकीपर काहीतरी हळूच बोलला. दुभाषी आईकडे वळला. "आमच्या गोलरक्षकांची विचारणा आहे, यजमान कसे आहेत?"

त्याला विचारायचं होतं, आमचा संघ कसा आहे. आईने मान खाली घातली.

"यजमान नाहीत. वारले. बरीच वर्षं झाली."

दुभाष्याच्या हातातलं बिस्किट खाली पडलं. "वारले? सगळे?"

"सगळे म्हणजे काय? एकच होते."

"आणि ही वार्ता संघटनेने जाहीर केली नाही?"

"घरगुतीच ठेवलं आम्ही. त्यांना गाजावाजा आवडत नसे. तसे खेळाडू वृत्तीचे होते हो."

दुभाष्याने दबक्या आवाजात भाषांतर केलं. मामा पांढरे पडले. गोलकीपर उभा राहिला, मामा उभे राहिले, दुभाषी उभा राहिला, आणि तिघांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, त्यांच्याकडे खाण्याआधी असं काही करत असतील. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मीही उभा राहिलो. दारातून डोकावणाऱ्या मावशीही उभ्याच होत्या, त्यांनी मान खाली घातली.

आईच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "काय वळण आहे बघ. न पाहिलेल्या माणसासाठी उभे राहिले."

बसल्यावर मामांनी खूप वेळ विचार करून एक प्रश्न विचारला. दुभाषी म्हणाला, "अशा परिस्थितीत उद्या आमच्यासमोर कोण उभं ठाकणार?"

"मी आहे ना," आई म्हणाली. "आणि हा मोठा मुलगा आहे. आम्ही दोघं मिळून काय ते निभावून नेऊ."

मामांनी आईकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे, विशेषतः माझ्या पोटाकडे पाहिलं. देशातून निघाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर निश्चिंती दिसली, आणि त्यांनी एकदम तीन बिस्किटं उचलली.

इथवर झालं ते बिनबोभाट निस्तरलं असतं. पण मी फोनवर जीभ चावली होती ना, ती आईच्या डोक्यात दुपारपासून रुतून बसली होती. आपला मुलगा काहीतरी लपवतोय, आणि ते डावीकडे आहे, एवढं तिने हेरलं होतं. ती खुर्ची पुढे ओढून बसली.

"हे बघा, आमच्याकडे आडपडदा नसतो. तुमच्या मुलात काही दोष असेल तर आताच सांगा. नंतर कळलं की दोन्ही घरांना त्रास."

मी चमकलो. दोष? आईला कसं कळलं? मी घाईघाईने म्हणालो, "आई, पाहुण्यांना असं विचारतात का? दोष कसला? माणूस कसा धडधाकट आहे!"

पण दुभाष्याचं भाषांतर होऊन उत्तरही आलं होतं. "पाहुणे प्रांजळपणे मान्य करतात. मागील लढतीत गोलरक्षकांच्या हातून अक्षम्य चुका घडल्या."

"अक्षम्य?" आईने मावशींकडे पाहिलं.

"चार वेळा. चारही वेळा डाव्या बगलेवर."

"एकाच दिवशी?"

"खचाखच भरलेल्या प्रेक्षकांसमोर."

मावशी "बाई गं" म्हणून दाराच्या चौकटीला टेकल्या.

नेमकी त्याच वेळी बहीण चहा घेऊन आली. तिने तबक गोलकीपरसमोर धरलं. त्याने हात पुढे केला आणि कपाच्या डावीकडची हवा पकडली. ओशाळून हसला. पुन्हा हात नेला, पुन्हा हवा. तिसऱ्यांदा कप हाताला लागला, कारण बहिणीने तबकच सरकवलं होतं. मी मोठ्याने म्हणालो, "दमलेत हो! प्रवास केवढा झाला!" बहिणीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिचा मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. आईने ते बघणं पाहिलं आणि मावशींना डोळ्यांनी खुणावलं.

"डावा डोळा," बहीण म्हणाली. "यांना खाली दुकानात आणा."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की गोलकीपर सवयीने सोफ्यावरून उजवीकडे झेपावला आणि त्याने फुलदाणी हवेत झेलली.

पण घरात माझं ऐकतो कोण? मामांना वाटलं, हाही पाहुणचारच आहे. सगळी वरात जिना उतरू लागली. मी आईला मागे ओढलं.

"आई, थांबव तिला. काय करतेय ती?"

"करू दे. आधी कळलं ते बरंच झालं. लग्नानंतर कळलं असतं म्हणजे?"

"कोणाच्या लग्नानंतर?"

"तुझ्या!" आई वैतागून म्हणाली. "मुलगा बघायला आणलास तो कोणासाठी? आणि डोळा अधू आहे हे माझ्यापासून लपवलंस. सख्ख्या आईपासून!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुणे, स्थळ, पात्रता, मामा, मधला माणूस. एकाच संध्याकाळी दोन अनर्थ घडत होते. त्यातला एक मी लगेच बाजूला ठेवला. न जमलेलं लग्न मोडता येतं, हरलेला सामना परत खेळता येत नाही. मी दुकानाकडे धावलो.

आत गोलकीपर तपासणीच्या खुर्चीत अंग दुमडून बसला होता. त्याला आमची लिपी येत नसल्यामुळे बहिणीने दुसरा तक्ता लावला होता. त्यावर छोट्या कंगव्यांसारख्या खुणा असतात. कंगव्याचे दात वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, ते हाताने दाखवायचं. तिने त्याचा उजवा डोळा झाकला आणि तक्त्याकडे बोट केलं.

मी एका क्षणात ओळखलं की आता सगळं माझ्यावर आहे. त्याची उत्तरं बरोबर आली पाहिजेत. डोळा चांगला ठरला पाहिजे. आहे तसा मैदानात गेला पाहिजे. मी बहिणीच्या पाठीमागे, तक्त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि तिला दिसणार नाही अशा बेताने त्याला खुणा करू लागलो. कंगवा वर असला की हात वर. उजवीकडे असला की हात उजवीकडे. सुरुवातीला बोटाने, मग हाताने, मग अख्ख्या अंगाने. तो मात्र वर असेल तिथे खाली दाखवायचा, उजवीकडे असेल तिथे डोकं खाजवायचा. मी उड्या मारायला लागलो. तरी ढिम्म!

आणि मग माझ्या ध्यानात आलं. ज्या डोळ्याला तक्ता दिसत नव्हता, त्या डोळ्याला मी कुठून दिसणार?

"दादा," बहीण मागे न वळताच म्हणाली, "आरशात दिसतोयस तू मला."

मग मी सगळं ओकलो. कोच, डावी बाजू, फुगा, विश्वचषक. दुभाषी माझं बोलणं मान डोलावत ऐकत होता, हे मला नंतर आठवलं; त्यातलं त्याला 'देश' आणि 'विश्वचषक' एवढंच कळलं असावं. "त्याला काच देऊ नकोस," मी हात जोडले. "एक दिवस. फक्त उद्याचा दिवस. परवा दे, हवं तर दोन दे. देशाचा प्रश्न आहे गं."

"दुकानात आलेल्या माणसाला दिसत नाही हे मला कळलं, आणि मी त्याला तसाच परत पाठवू? उद्या तुझा देश आला ना तपासायला, तर त्यालाही बसवेन याच खुर्चीत."

"मेन स्विच कुठे आहे?" मी इकडेतिकडे बघत म्हणालो.

"तुझ्या डोक्याच्या मागे. हात लावलास तर बघ."

मी हात लावला नाही. मोठा भाऊ असलो तरी काही गोष्टी माणसाला कळतात.

तिने खणातून चाचणीच्या लेन्स काढल्या, हात धुतले, आणि त्याच्या डाव्या डोळ्यात एक अलगद बसवली. गोलकीपरने डोळे मिचकावले. समोर बघितलं. समोर मी होतो, हात पसरून, तोंड उघडं. तो बघतच राहिला. मग त्याने दुकान बघितलं, दार बघितलं, दाराची डावी चौकट बघितली आणि तिला हात लावून आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो भरभर काहीतरी बोलला.

"गोलरक्षक म्हणतात," दुभाषी म्हणाला, "गोलपोस्टला दोन खांब असतात असं त्यांनी आजवर फक्त ऐकलं होतं."

त्या रडणाऱ्या धिप्पाड माणसाकडे बघून मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग कोच आठवला आणि ते बरं वाटणं बंद झालं.

दुसऱ्या दिवसाचं काय सांगू? स्टेडियम तुडुंब भरलेलं. आईला मी रात्रीतून शंभरदा समजावलं होतं, हे लग्नाचे पाहुणे नव्हेत. तिचं एकच, "असू दे, चांगल्या घरचे आहेत." ती पाहुण्यांच्या बाजूच्या खुर्च्यांमध्ये जाऊन बसली, कारण मामांनी तिला हात करून बोलावलं होतं. आमच्या पोरांनी ठरल्याप्रमाणे पहिला बॉल डावीकडून मारला. गोलकीपरने तो असा झेलला, जसा तुम्ही मित्राने टाकलेला रुमाल झेलता. दुसरा झेलला. तिसरा एका हाताने अडवला. आमचे लोक चक्रावले, पण दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं! उजवी बाजू आमच्या खेळाडूंनी महिनाभर बघितली नव्हती. एकाने शेवटी वैतागून उजवीकडून मारला, तो सरळ माझ्या कार्यालयाच्या खिडकीत.

प्रत्येक झेलानंतर मैदानाच्या कडेने कोच माझ्याकडे बघायचा. मी गवताकडे बघायचो. गवत छान कापलं होतं.

शून्य-शून्य. बरोबरी. पाहुणे पात्र.

स्टेडियममध्ये एवढी शांतता पसरली की पाहुण्यांच्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्या एकाच बाईचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ती माझी आई. माझ्या शेजारी उभा असलेला तिकीट तपासनीस, तीस वर्षांचा बाप्या, बाहीने डोळे पुसत निघून गेला. त्याला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. त्यात शेवटी दुभाष्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि क्रीडा पानाच्या भाषेत जाहीर केलं, की या यशाचे खरे शिल्पकार यजमानांची स्वागत समिती होय. समितीत कोण कोण आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सकाळी साहेब आणि कोच दोघंही आमच्या घरी आले. बसले नाहीत. साहेबांनी फक्त "तुम्ही..." एवढंच म्हटलं आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. ते तो शोधत असतानाच दारावर टकटक झाली. रात्रभर संघाबरोबर हॉटेलात जल्लोष करून आलेले मामा, दुभाषी, आणि मागे वाकून, कुठेही न आपटता, गोलकीपर.

"पाहुण्यांच्या वतीने एक मागणी घेऊन आलो आहोत," दुभाषी म्हणाला.

मागणी हा शब्द ऐकताच आईने सगळ्यांना बसवलं. साहेबांनाही बसावं लागलं. बहीण खालून वर आली होती, ती हाताची घडी घालून दारात उभी राहिली.

"आपल्या घरातील एक व्यक्ती आम्हाला आमच्या गोटात कायमची हवी आहे. तिच्याविना पुढील फेरीत उतरण्यास गोलरक्षकांचा ठाम नकार आहे."

"मी दुकान सोडून कुठेही जाणार नाही," बहीण शांतपणे म्हणाली. "लेन्सचा नंबर देते. कुठेही मिळतील."

"ताई, आपला काहीसा गैरसमज होतोय." दुभाष्याने माझ्याकडे हात केला. "यांची मागणी आहे. नव्या डोळ्याने गोलरक्षकांनी जगात सर्वप्रथम यांना पाहिलं. हात पसरून, त्यांच्यासाठी झुंजत असलेले. ते यांना शुभ मानतात."

मी तोंड उघडण्याआधी साहेब म्हणाले, "दिला."

"आजच न्या," कोच म्हणाला. त्याचा चेहरा कालपासून पहिल्यांदाच उजळला होता. "आणि पुढच्या सामन्याआधी त्यांचं काय गुपित असेल ते यांना जरूर सांगा."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाही तर नाही म्हणेल. तिने खुर्ची मामांच्या पुढे ओढली.

"न्या. पण आमच्याकडे आडपडदा नसतो, आधीच सांगून ठेवते. मुलगा सोन्यासारखा आहे, दोष एवढाच की याच्या पोटात काही राहत नाही."

दुभाष्याने भाषांतर केलं. क्रीडा पानावर हा वाक्प्रचार कधी आला नसावा, त्याने ते शब्दशः केलं. मामा गंभीर झाले. त्यांनी मायेने माझ्या पोटावर हात ठेवला, संघाच्या औषधांची पेटी उघडली, आणि दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

साहेब, कोच, आई, बहीण, सगळे माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांचं मन मोडणं माझ्या स्वभावात नाही. मी मुकाट्याने गिळल्या.